काळा, पण साधा दगड

दगड वीस ग्रॅमचासुद्धा नव्हता, पण त्याच्या नावाच्या सेनबेचे डबे छापून तयार होते. काळे तीळ थापलेल्या कुरकुरीत चकत्या, डब्यावर बर्फाचं चित्र आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘दक्षिण ध्रुवाचा कार्बनी दगड’. संस्थेच्या जिन्याखाली डब्यांचा ढीग लागला होता. येणारा-जाणारा मुकाट वळसा घालून जायचा. उकाई हिसानो मात्र दर वेळी त्या ढिगाकडे असं बघायची, की जणू कुणी रातोरात तिच्या दारात कचरा आणून टाकलाय.

कारण तो दगड अजून कुणी तपासलाच नव्हता. तपासायचा होता तिनंच.

मोरिओकाच्या हिमशिला संस्थेत हिसानो वर्षावर्षाच्या करारावर दगडांची वर्गवारी करायची. आकाशातून पडलेले आणि हजारो वर्षं दक्षिण ध्रुवाच्या बर्फावर पडून राहिलेले दगड आमची माणसं तिकडे जाऊन वेचून आणतात. वेचणाऱ्यांचे फोटो छापून येतात. दाढीवर बर्फ, मागे निळं आकाश, हातात झेंडा. पुढे वर्षभर बिनखिडकीच्या खोलीत बसून एकेका दगडाचं वर्णन लिहायचं, चिमूटभर कपचा काढायचा, तो घासून केसाहून पातळ करायचा आणि आत काय आहे ते बघून जात ठरवायची, हे काम करणाऱ्या माणसाचा फोटो काढायला कुणी येत नाही. आलं तरी हिसानोनं त्याला हाकलूनच दिलं असतं. शंभरातले नव्वदाहून जास्त दगड ‘साधे’ निघतात. हा तिच्या धंद्यातला शब्द आहे, शिवी नव्हे. पण लोकांना तो शिवीसारखाच लागतो.

आता या दगडाला कार्बनी हे नाव पडलं कसं, ते ऐका. त्यात खोटं कुणीच बोललं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मोहिमेचे प्रमुख होते कुनिई सेन्सेई, म्हणजे कुनिई गुरुजी, हिसानोचेही गुरू. साठी उलटून गेलेली, येत्या मार्चअखेर निवृत्ती, म्हणजे ही शेवटचीच मोहीम. त्या वर्षी वादळानं माणसांना तंबूतून डोकं बाहेर काढू दिलं नाही. वादळ ओसरलं तेव्हा परतायची वेळ होत आली होती आणि सगळ्यांच्या तोंडावर मढं निघाल्यासारखी कळा. शेवटच्या फेरीत निळ्या बर्फावर एक काळा ठिपका दिसला. सेन्सेई गुडघे टेकून वाकले. एका बाजूनं फुटलेला दगड, फुटलेली बाजूही काळी. “कार्बनी असावा,” ते म्हणाले. कार्बनी दगड म्हणजे दुर्मीळ चीज. कोळशासारखा काळा, आत सूर्याच्याही जन्माच्या वेळचा माल जसाच्या तसा. गाड्या हाकणारी, सैपाक करणारी, रडकुंडीला आलेली ती माणसं नाचायला लागली.

रेडिओवाल्यानं जहाजाला कळवलं, ‘सेन्सेईंच्या मते कार्बनी असावा.’ जहाजानं मोरिओकाला कळवलं, ‘सेन्सेईंच्या मते कार्बनी.’ संस्थेचे संचालक माकाबे यांनी वर्तमानपत्राला सांगितलं, ‘कार्बनी.’ वाटेत एकेकानं एकेक शब्द गाळला आणि तोही निव्वळ आदरापोटी. सेन्सेईंच्या बोलण्याला ‘असावा’ चिकटवून पुढे पाठवायचं म्हणजे त्यांच्यावर शंका घेतल्यासारखं. मग मिठाईवाल्यानं डबे छापले. आमच्याकडे चूक अशी होते. सगळे वाकलेले असतात, त्यामुळे समोर काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

दगड कोरड्या वायूच्या पेटीत ठेवलेला होता, अंगावरचा बर्फ पाणी न होता उडून जावा म्हणून. हिसानोनं पेटीच्या हातमोज्यांत हात घातले आणि चिमट्यानं दगड उचलला. तिची रीत ठरलेली होती. आधी नुसतं वर्णन, जातीचं नाव शेवटी. सुपारीएवढा. तीन बाजूंना जळकी साल, मंद काळी, बारीक तडे गेलेली. चौथी बाजू फुटकी, रंग काळा. गंज जवळपास नाही. इथवर लिहून ती थांबली. दगड आकाराच्या मानानं जड लागत होता. कार्बनी दगड हलका असतो, जळक्या लाकडासारखा. तिनं दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक जवळ नेलं. चुंबक खाटकाच्या दुकानापुढच्या कुत्र्यासारखं दगडाकडे ओढलं गेलं.

“च्यायला,” हिसानो म्हणाली.

एवढ्यावरून काही ठरत नाही. तिनं कोपऱ्यातून तांदळाच्या दाण्याएवढा कपचा काढला आणि शेजारच्या खोलीत हागासानकडे नेला. हागासान दगडाचे पातळ काप काढून काचेवर बसवायचा. तोंडाचा फाटका माणूस, घासताना सतत बडबडणारा.

“हा तो डब्यावरचा?” त्यानं विचारलं.

“हा तोच.”

“साधा निघाला तर आपण दोघं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायचं का? ‘आतल्या चकत्या कार्बनी आहेत, दगडाचं माहीत नाही.’”

“घासा, हागासान. बोलू नका.”

“मी बोलणं थांबवलं तर काच फुटते. अनुभव आहे.”

काच तयार झाली. हिसानोनं ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आणि पहिल्या नजरेतच तिला जे कळायचं ते कळलं. कार्बनी दगडात असते तसली काळी, मऊ, मातकट पूड कुठे नव्हती. दाण्याला दाणे घट्ट भिडलेले. जन्मवेळचे गोल दाणे ओळखू येत होते, पण कडा पुसट झालेल्या, उष्णतेनं शेजाऱ्यांत मिसळलेल्या. मग काळेपणा कशाचा? तिनं दिवा बदलून वरून उजेड टाकला. प्रत्येक दाण्यातल्या प्रत्येक भेगेत धातूचे बारीक थेंब चमकले, नदीवर ऊन पडावं तसे. कोणे एके काळी कुठल्या तरी टकरीत हा दगड असा दणकून निघाला होता, की आतलं लोखंड आणि गंधक वितळून धुळीसारखं भेगाभेगांत शिरलं होतं. तो कोळसा नव्हताच. मार खाऊन काळानिळा पडलेला साधा दगड होता. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनच्या यंत्रावर तिनं ऑलिव्हिन या हिरवट खनिजाच्या दाण्यांतलं लोखंड मोजलं. दाण्यामागून दाणा एकच आकडा येत राहिला, शेकडा पंचवीसच्या आसपास. या आकड्याला आमच्या धंद्यात एकच घर आहे. साधा, एल गट, कडा पुसट म्हणून पाचवा प्रकार. एल-पाच.

तिनं लिहून टाकलं आणि खाली आपलं नाव घातलं. पण एकटीच्या नावानं भागत नाही. दुसरी सही लागते ती विभागप्रमुखाची, म्हणजे कुनिई सेन्सेईंची. सही म्हणजे आमच्याकडे नावाचा लाल शिक्का; दोघांचे शिक्के पडले की दगड कायमचा यादीत लागतो. तोवर त्याच्या पिशवीवर बर्फात जे लिहिलं तेच चालतं, ‘तात्पुरतं’ या शब्दासह. आणि एक एप्रिलपासून विभाग माकाबेंच्या माणसाकडे जाणार होता. संस्थेच्या कपाटात हिसानोच्या नोकरीहून जुने ‘तात्पुरते’ दगड होते. तात्पुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं.

माकाबे स्वतः तिच्या खोलीत आले. मंत्रालयातून आलेला माणूस, दगड आणि वीट यांतला फरक त्याला कुणी तरी समजावून दिला असता तर तो आभारी झाला असता. पण हसायचे छान.

“उकाईसान, तुम्ही फार मेहनत घेताय.”

वरचा माणूस मेहनतीचं कौतुक करायला लागला, की समजावं, आता काम थांबवायला सांगणार.

“दगड साधा आहे,” हिसानो म्हणाली. “एल-पाच.”

“बरं, बरं. तो शनिवारनंतरही एल-पाचच राहील ना?”

“राहील.”

“झालं तर! शनिवारी सेन्सेईंचं शेवटचं व्याख्यान. गावातली मोठी मंडळी येणार, जुने विद्यार्थी येणार. तोवर आहे तसं राहू द्या. तात्पुरतं कार्बनी. तात्पुरतं म्हणजे काही खोटं नव्हे.”

“दगड तात्पुरता नसतो.”

“माणसं असतात, उकाईसान.” माकाबे हसले. “ज्या माणसानं जन्म या कामात घालवला त्याला एक दिवस आनंदानं जाऊ द्यावं, असं तुम्हाला नाही वाटत? तुम्ही तर त्यांच्या विद्यार्थिनी.”

“म्हणूनच वाटत नाही.”

“थोडी हवा ओळखावी माणसानं.”

“हवा ओळखायचं यंत्र या खोलीत नाहीये,” हिसानो म्हणाली. “दगडाचं आहे. ते चालू आहे.”

माकाबेंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरलं. जाताना त्यांनी दार अगदी हळू लावलं. राग आलेल्या साहेबानं दार आपटलं तर भिऊ नये. हळू लावलं तर भ्यावं.

सेन्सेई मात्र सही करतील, यात हिसानोला तिळमात्र शंका नव्हती. या माणसाच्या हाताखाली ती वीस वर्षं होती. त्यांना फक्त काच दाखवायचा अवकाश. पण ते सापडेनात. खोलीत गेलं की बाहेर गेलेले, फोन केला की मीटिंगमध्ये. शेवटी बुधवारी दुपारी तिनं त्यांना पुलाजवळच्या जाजामेनच्या दुकानात गाठलं. बाहेर रस्त्याच्या कडेला काळपट झालेला मार्चचा बर्फ, आत वाफ आणि मिसोचा, आंबवलेल्या सोयाच्या चटणीचा वास. सेन्सेई कोपऱ्यात बसून जाजामेनच्या शेवयांत मिसो कालवत होते. ती समोर बसली.

“ये. खा आधी,” ते म्हणाले.

“काच तयार आहे, सेन्सेई.”

“ऐकलं. शनिवारनंतर बघतो.”

“तुम्ही उभ्या जन्मात तयार काचेसाठी जेवणाची सुटी होईस्तो थांबला नाहीत.”

“म्हातारा झालो.”

“बर्फावर गुडघे टेकून बसला होतात म्हणे दोन महिन्यांपूर्वी.”

“म्हणूनच आता दुखतायत.” त्यांनी व्हिनेगर ओतलं, गरज नसताना आणखी ओतलं. “तू काही सांगू नकोस, उकाई. आकडा सांगू नकोस.”

“म्हणजे तुम्हाला कळलंय.”

“मला काहीच कळलेलं नाही. न कळण्याचा मला हक्क आहे. महिनाअखेरपर्यंत.”

“तुम्ही बर्फावर पाहिलंत तेव्हा खरंच कार्बनी वाटला?”

सेन्सेईंनी शेवया तोंडात भरल्या आणि बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, “पोरं पार खचली होती. तो सैपाकी तर रात्रभर बायकोचं नाव घेत होता. त्यांना काही तरी द्यायला हवं होतं. मी म्हटलं, कार्बनी असावा. त्यांच्या तोंडावर काय आलं ते तू बघायला हवं होतंस.”

“मग इकडे आल्यावर सांगायचं, की तपासायचाय.”

“कुणाला? मी मागे घेतलं असतं, की तोंडावर कोण पडलं असतं? रेडिओवाला. जहाजावरचा अधिकारी. माकाबे. तो बिचारा मिठाईवाला.”

“माकाबे बिचारे नाहीत.”

“नाहीत,” सेन्सेईंनी मान्य केलं. मग आवाज खाली आणून, ताटलीकडे बघत म्हणाले, “आणि खरं सांगू? मला आता बरं वाटायला लागलंय. चाळीस वर्षं साधेच दगड, उकाई. दुसऱ्यांच्या नशिबी चंद्राचे आले, मंगळाचे आले. माझ्या हाताला एल आणि एच, एच आणि एल. शनिवारी एक दिवस माझ्या नावावर वेगळा दगड असू दे. पुढे तू आणि पुढचा प्रमुख मिळून काय दुरुस्त करायचं ते करा.”

“पुढचा प्रमुख करणार नाही. तुम्हाला माहीत आहे.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या सेन्सेईंशी कसं भांडायचं ते तिला ठाऊक होतं. पण ते ओशाळले होते, आणि ओशाळलेल्या म्हाताऱ्याशी भांडायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी ती भांडली.

“मी चोवीस वर्षांची होते,” ती म्हणाली. “एका एच गटाच्या दगडाला मी एल म्हटलं. भर चर्चेत तुम्ही मला उभं केलंत आणि मागे घ्यायला लावलंत. सगळ्या वर्गासमोर. मी संडासात जाऊन रडले. तेव्हा माझ्या तोंडावर काय आलं होतं ते नाही बघितलंत.”

“बघितलं होतं,” सेन्सेई म्हणाले.

“मग?”

“तू तरुण होतीस. तुझ्यापुढे वेळ होता.”

दुकानाच्या मालकिणीनं येऊन, तिथल्या रीतीप्रमाणे शेवटी सूप करून प्यायला, त्यांच्या रिकाम्या ताटलीत शेवयांचं कढत पाणी ओतलं. सेन्सेईंनी त्यात अंडं फोडलं आणि ढवळत बसले. हिसानो उठली. तिनं वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा खोल, कारण नेहमीएवढा केला असता तर तोंडातून आणखी काही तरी निघालं असतं.

गुरुवारी सकाळी ती त्यांच्या रिकाम्या खोलीत गेली. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या पाटावर तिनं काच ठेवली, चिमटीत अडकवली आणि वर धुळीचं कापड घातलं. शेजारी कागद नाही, चिठ्ठी नाही. बघायची तर बघा. शुक्रवारी तिनं दारातून डोकावून पाहिलं. कापड तसंच होतं. उचललं होतं की नव्हतं, ते कापडावरून कळत नाही.

शेवटच्या व्याख्यानाची आमच्याकडे एक रीत आहे. निवृत्त होणारा माणूस बोलतो, बाकीचे ऐकतात. अध्यक्ष शेवटी विचारतो, “कुणाला काही प्रश्न?” आणि कुणीही काही विचारत नाही. हा प्रश्न विचारण्यासाठी नसतोच. तो फुलं घेऊन दाराशी उभ्या असलेल्या बाईला आत यायची खूण असते. मग फुलं, टाळ्या, फोटो आणि घरी न्यायला मिठाईचा डबा. या रीतीत कुणाचं काही बिघडत नाही, आणि कुणाला काही कळतही नाही.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पुढे गावातली प्रतिष्ठित मंडळी, मधे जुने विद्यार्थी, त्यातले कितीक आता स्वतः पांढऱ्या केसांचे. हिसानो मागून तिसऱ्या ओळीत, शेजारी हागासान, त्याच्या मुलाच्या लग्नात शिवलेल्या काळ्या कोटात. सेन्सेई चांगलं बोलले. पहिली मोहीम, गोठलेलं शिधासामान, दरीत पडलेली गाडी. लोक हसले. मग पडद्यावर दगडाचा मोठा फोटो आला, आणि सेन्सेई जरा थांबून म्हणाले, “आणि हा शेवटचा. कार्बनी असावा.”

ते ‘असावा’ म्हणाले होते. पुढच्या रांगेनं ते कधीच गाळून टाकलं होतं. टाळ्या पडल्या.

माकाबे उभे राहिले. “कुणाला काही प्रश्न?” म्हणत ते दाराकडेच वळले होते. फुलंवाली बाई आत पाऊल टाकत होती.

हिसानोनं हात वर केला.

“खाली,” हागासान ओठ न हलवता म्हणाला. “उकाईसान, हात खाली. तुम्हाला वेड लागलंय.”

हात वरच राहिला. माकाबेंना तो दिसला. त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. पण एक-दोन माणसांनी वळून पाहिलं, मग दहांनी, मग सभागृह असं शांत झालं, की तापवायच्या नळांतलं पाणी ऐकू यायला लागलं. आता न पाहणंच जास्त दिसलं असतं.

“उकाईसान,” माकाबे म्हणाले. त्या पाच अक्षरांत पुढच्या वर्षीचा तिचा करार फाटल्याचा आवाज होता.

हिसानो उभी राहिली. तिला खूप काही म्हणायचं होतं. तुम्ही सगळे लबाड आहात, असं म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडून धंद्याचं तेवढंच निघालं.

“सेन्सेई, या दगडाची काच तुम्ही पाहिलीत का?”

सेन्सेई व्यासपीठाच्या कडेला हात टेकून उभे होते. त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर विषय संपला असता. म्हाताऱ्या माणसाला वेळ मिळाला नाही, एवढंच. हिसानो खाली बसली असती, फुलं आली असती.

“पाहिली,” सेन्सेई म्हणाले.

“काय दिसलं?”

पुढच्या रांगेत कुणी तरी घसा साफ केला. सेन्सेईंनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरला. मग ते बोलायला लागले, सपाट आवाजात, समोर लिहून घेणारा बसलाय अशा गतीनं.

“गोल दाणे आहेत. ओळखू येतात. कडा पुसट. आधाराचा भाग स्फटिकांचा, मातकट पूड नाही. धातू आहे, भरपूर नाही, पण आहे. दाण्यांतल्या भेगांमध्ये धातूचे आणि गंधकयुक्त लोखंडाचे थेंब, फार बारीक, सगळीकडे पसरलेले. काळेपणा त्यांच्यामुळे. मोठे दाणे उजेड फिरवला की एकदम अंधारत नाहीत, तुकड्यातुकड्यानं अंधारतात. म्हणजे जबर दणका बसलेला. मी पुन्हा पाहिलं. यंत्रावरही नेलं, काल सकाळी, कुणी नसताना. ऑलिव्हिनमधलं लोखंड शेकडा पंचवीस. सगळ्या दाण्यांत सारखं.”

ते थांबले. जातीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. मधल्या रांगांत बसलेल्या प्रत्येक पांढऱ्या डोक्याला पंचवीस म्हणजे काय ते झोपेतही कळलं असतं. त्या रांगांवरून काही तरी सरकत गेलं. कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. एका जाड्या माणसानं मात्र खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. तो हसत होता की रडत, कुणास ठाऊक.

“धन्यवाद,” हिसानो म्हणाली आणि बसली.

“अतिशय सखोल विवेचन!” माकाबे म्हणाले, आणि त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. पुढची रांग त्यांच्यामागोमाग. कार्बनी दगड असाच गहन असणार, असं त्यांना वाटलं असेल. फुलं आली. फोटो निघाले. मधल्या रांगांतली माणसं एकेक करून उठली आणि सेन्सेईंसमोर वाकली, आणि ती पुढच्या रांगेपेक्षा खोल वाकली, हे हिसानोनं पाहिलं. सेन्सेईंनी पाहिलं की नाही ते तिला माहीत नाही. ते तिच्या बाजूला बघतच नव्हते.

संध्याकाळच्या मेजवानीत ते बाटली घेऊन एकेका टेबलाशी गेले, प्रत्येकाच्या पेल्यात स्वतःच्या हातानं साके ओतली, प्रत्येकाशी दोन शब्द बोलले. तिच्या टेबलाशी आले, हागासानला ओतली आणि पुढे गेले. हिसानोचा पेला रिकामाच राहिला.

“माझ्यातली घ्या,” हागासान म्हणाला.

“नको.”

“त्यांचंही बरोबर आहे हो. भर मांडवात नवऱ्याचं वय विचारलंत तुम्ही.”

“वय खोटं सांगितलं होतं.”

“मांडवात सगळेच सांगतात.” त्यानं स्वतःची साके एका घोटात संपवली. “पण बोलले छान. यंत्रावर स्वतः गेले, म्हातारा! मला हाकसुद्धा मारली नाही.”

हिसानोला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटल्याचा राग येत होता. परत विचारशील का, असं कुणी विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, पण ते म्हणायला तिला थोडा वेळ लागला असता.

सोमवारी माकाबेंना कळलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं अभिनंदनाच्या पत्रात सरळ ‘एल-पाच’ लिहिलं होतं. त्यांनी हिसानोला वर बोलावलं आणि या वेळी दार उघडंच ठेवलं. पुढच्या वर्षाबद्दल, आर्थिक चणचणीबद्दल, नव्या रक्ताच्या गरजेबद्दल बोलले. तिनं ऐकून घेतलं. “तोवर माझ्याकडचे दगड मी संपवते,” एवढं म्हणून ती खाली आली. दगड यादीत लागलेला नव्हता तो नव्हताच. सही नव्हती, कागद तिच्या टेबलावर तसेच पडून होते. आणि सेन्सेई खोली आवरायला एकदाही आले नव्हते.

महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात ते आले. दुपारी, दोन खोकी आणि एक झाडाची कुंडी घेऊन गेले. जिन्यात त्यांची आणि हिसानोची गाठ पडली. ती बाजूला झाली. त्यांनी मान किंचित हलवली, ओळख दाखवल्यासारखी की कुंडी सावरल्यासारखी, आणि उतरून गेले.

तिच्या टेबलावर दगडाचे कागद पडले होते. हागासान आधीच येऊन वाकून बघत होता.

“अरे देवा,” तो म्हणाला. “हे बघा.”

दुसऱ्या सहीच्या चौकोनात लाल शिक्का होता, ‘कुनिई’. ठळक, एका दमात मारलेला, शाई कुठे फुटलेली नाही. पण उलटा. पाय वर, डोकं खाली. आमच्या कचेऱ्यांत मुरलेल्या माणसांना हा अर्थ सांगावा लागत नाही. मान्य आहे, पण माझ्या मनाविरुद्ध. काही जण म्हणतात, हा उगाच पसरवलेला प्रवाद आहे. ज्यांनी उलटा शिक्का खाल्लाय ते असं म्हणत नाहीत.

“चुकून झाला असेल?” हागासाननं विचारलं.

“चाळीस वर्षांत त्यांचा शिक्का एका केसानंही कलला नाही.”

“मग परत पाठवायचा? माकाबे अडवतील. म्हणतील, हा ग्राह्य नाही.”

“नियमात शिक्का हवा असं लिहिलंय,” हिसानो म्हणाली. “कुठल्या बाजूनं ते लिहिलेलं नाही.”

तिनं खुर्ची ओढली. कागद नीट वाचून काढला, पहिल्या ओळीपासून, कारण सही करण्याआधी वाचायचं असतं. सुपारीएवढा. तीन बाजूंना जळकी साल. रंग काळा, आतूनही. तिच्या वर्णनात सेन्सेईंनी एका ठिकाणी पेन्सिलीनं भर घातली होती. ‘दणका: जबर’ याच्या पुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘तरीही फुटला नाही.’ हे काही शास्त्रातलं वाक्य नव्हतं. वर्णनात असलं लिहायचं नसतं, आणि ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यांनीच खोडलं असतं.

हिसानोनं रबर घेतलं. थोडा वेळ हातात धरून बसली. मग ती ओळ खोडून टाकली, भुकटी फुंकरीनं उडवली, आणि आपला शिक्का शेजारच्या चौकोनात सरळ मारला.

“खोडलंत?” हागासान म्हणाला. “शेवटचं वाक्य होतं हो त्यांचं.”

“फुटलाय तो,” हिसानो म्हणाली. “चौथी बाजू फुटकी आहे. नीट बघायला हवं होतं त्यांनी.”

आणि कागद उचलून ती यादीवाल्याकडे स्वतः घेऊन गेली.